अंडपेशीच्या कडेचा गोळा

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतेय ती माणसाची अंडपेशी. शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, तरी व्यास मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. आता तिच्या कडेला पाहा. बाहेरचं पारदर्शक आवरण आणि पेशी यांच्यामधल्या फटीत एक चिमुकला गोळा बसलाय. हा ध्रुवीय पिंड. प्रयोगशाळेत सगळे त्याला पोलर बॉडीच म्हणतात.

अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या दोन टप्प्यांच्या विभाजनात, एका पेशीपासून चार शुक्रपेशी होतात, चारही सारख्या. अंडपेशीचं तसं नाही. इथे गुणसूत्रांची वाटणी चोख होते, निम्मी इकडे, निम्मी तिकडे; पण कोठारातलं धान्य जवळजवळ सगळं एकाच वारसाच्या पदरात पडतं. धान्य म्हणजे पेशीद्रव्य, त्यातली प्रथिनं, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. फलनानंतर गर्भ गर्भाशयात रुजायला साधारण 6 दिवस लागतात, आणि तोवर त्याची मुख्य भिस्त याच साठ्यावर असते. त्याचे चार सारखे वाटे पडून कसं चालेल?

ही वाटणी घडताना पाहणं विलक्षण आहे. गुणसूत्रांना ओढणारा तर्कू पेशीच्या मध्यावर थांबत नाही, सरकत सरकत कडेला येतो. तिथे पृष्ठभाग फुगतो, गुणसूत्रांचा एक संच पोटात घेतो, आणि त्या फुगवट्याची मान आवळत आवळत तो वेगळा होतो. हाच तो ध्रुवीय पिंड.

विभाजनाची सुरुवात मात्र फार आधीची. मुलगी आईच्या पोटात असतानाच ते सुरू होऊन थांबतं, कधीकधी 40 वर्षांहून जास्त काळ. अंडोत्सर्गाच्या थोडं आधी पहिला पिंड बाहेर पडतो. दुसरा पडतो तो शुक्रपेशी आत शिरल्यावरच.

आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या, प्रयोगशाळेत पहिला पिंड दिसला, की अंडपेशी पक्व झाली असं धरतात. शुक्रपेशी सुईनं आत सोडताना पिंड घड्याळातल्या 12 किंवा 6 च्या जागी येईल अशी अंडपेशी फिरवून घेतात आणि सुई 3 च्या बाजूनं घालतात. तर्कू बहुधा पिंडाजवळ असतो, त्याला धक्का लागता कामा नये.

पिंड स्वतः लवकरच विरून जातो. पण त्याआधी तो मोलाची साक्ष देऊ शकतो. पहिल्या पिंडात एखादं गुणसूत्र जास्त निघालं, तर अंडपेशीत ते कमी असणार. आईच्या वाढत्या वयाबरोबर अशा चुका वाढतात, आणि डाउन सिंड्रोममधलं जादा 21 वं गुणसूत्र बहुतेक वेळा अंडपेशीतूनच आलेलं असतं. अंडपेशीला हात न लावता तिची तपासणी! 1990 मध्ये शिकागोतल्या युरी वर्लिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या पिंडावरून आनुवंशिक आजाराचं निदान करून दाखवलं.

या साक्षीला मर्यादाही आहे. पिंडावरून कळते ती फक्त आईची बाजू. वडिलांकडून आलेला दोष किंवा फलनानंतरच्या विभाजनात झालेली चूक त्यात दिसत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी पाचव्या-सहाव्या दिवसाच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून तपासतात.