काळ्या कातळाच्या मुलखात मेटल डिटेक्टर

(पुण्यात नाणेसंग्राहकांच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातही आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'नाणी शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा'. समोर वह्या उघडलेल्या दिसतायत. म्हणजे एक नाव आणि एक किंमत लिहून घ्यायची आणि चहाला पळायचं, असा बेत आहे. नाव सांगतो. पण त्याआधी माझं एक टुमणं ऐकावं लागेल. घरी ते आता कुणी ऐकत नाही, म्हणून तर इथे आलो. टुमणं असं की पुणे जिल्ह्यात डिटेक्टर नापास होतो तो बहुतेक वेळा जमिनीमुळे. त्यामुळे आधी माती बघायची, मग यंत्र. आपल्याकडे लोक आधी यंत्र घेतात आणि मग मातीला शिव्या घालतात.

याचा सगळ्यात जुना दाखला अमेरिकेतला आहे. तो मला इतका आवडतो की कुठल्याही विषयावर बोलताना मी तो घुसडतो. 2 जुलै 1881. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली आणि ती नेमकी कुठे अडकली हे कुणाला कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. डॉक्टर मंडळी न धुतलेली बोटं जखमेत घालून चाचपत होती. (आपल्यात दोन डॉक्टर बसलेत, त्यांनी कान बंद करावेत.) तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. त्यांच्याकडे तारेच्या वेटोळ्यांचं एक उपकरण होतं. वेटोळी अशी जुळवायची की टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये शांतता झाली पाहिजे, आणि जवळ धातू आला की त्यात गुणगुण सुरू व्हायची. तुमच्या आजच्या डिटेक्टरचा हा पणजोबा. बेलसाहेबांनी ते यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांवर तपासलं, ज्यांच्या अंगात गोळ्या राहून गेल्या होत्या. यंत्र चाललं.

मग 26 जुलैला व्हाइट हाउस. तिथे गुणगुण विचित्र. 1 ऑगस्टला पुन्हा प्रयत्न, तर कुठेही फिरवा, थोडाथोडा आवाज येतोच. शेवटी चौकशी केली तेव्हा समजलं की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती! शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा हट्ट, की गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा उजवीकडेच शोधा. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती मणक्याच्या डाव्या बाजूला.

यंत्र चांगलं, चालवणारा बेल, आणि तरी निकाल शून्य. कारण खाली पलंग. आता पलंगाच्या जागी सासवडचं माळरान धरा, की माझं व्याख्यान इथेच संपलं. पण चहा अजून उकळलेला नाही असं कळतंय, तेव्हा पुढे.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकी खनिज, भरपूर. सह्याद्रीतल्या काही कातळांजवळ होकायंत्र नेलं की सुई हलते, हे ट्रेकवाल्यांनी पाहिलं असेल. हा दगड कुजून मुरूम होतो, पुढे काळी माती होते, आणि लोह कुठे जात नाही. मुठेच्या काठची चिमूटभर वाळू कागदावर घ्या, कागदाखालून लोहचुंबक फिरवा. काळे कण उभे राहून चालायला लागतात. नातवंडांना दाखवा, एक संध्याकाळ मजेत जाते.

या मॅग्नेटाइटचा डिटेक्टरला येणारा प्रतिसाद जबरदस्त मोठा असतो, पण सरळ असतो. यंत्राने पाठवलेल्या चुंबकीय लहरीच्या तालातच तो परत येतो. नाण्यात मात्र भोवरे-प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विजेचे छोटे प्रवाह, तयार होतात आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरा येतं. त्या उशिरावरून यंत्र धातू ओळखतं. वरातीत बँड वाजत असताना शेजारचा कानात काही सांगतो, तसं हे काम आहे. खरी पंचाईत तांबड्या मातीत होते. वर महाबळेश्वरला किंवा खाली कोकणात जा, जांभा. त्यात मॅगहेमाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेही उत्तर जरा उशिरा देतात. म्हणजे बँडवालाच कानात बोलायला लागला.

आणि गंमत बघा, मातीला भाजलं की तिची चुंबकीयता वाढते. विटा, कौलं, चुलीची जागा. पेठेतला वाडा पाडला की त्या राडारोड्यावर यंत्र फिरवून बघा, म्हणजे अर्थातच मालकाला विचारून. दर दोन पावलांवर खजिना लागतो. मी एकदा असा सुरेख, ठाम आवाज ऐकून खणलं तर खाली अर्धी वीट.

तिकडे दौंड-बारामतीच्या ऊसपट्ट्यात तिसरंच दुखणं. पाणी देऊन देऊन जमिनी चोपण झाल्या, क्षार वर आले. ओली खारी माती स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून तीही बोलते.

आता एक तक्रार, कारण ती केल्याशिवाय मला झोप येत नाही. जमीन अशी अवघड असल्यामुळेच आपल्याकडे भलत्याच वस्तू खपतात. माझे एक स्नेही, गाव भोर तालुक्यात. त्यांनी जुन्या गाडीच्या किमतीत एक 'यंत्र' घेतलं. मुठीत धरायचा दांडा, पुढे रेडिओसारखी अँटेना. विकणाऱ्याने सांगितलं, पाचशे मीटरवरून सोनं दाखवतं, पन्नास फूट खोल असलं तरी. अँटेना फिरायची, अगदी खरंच फिरायची! मनगट जरा कललं की कुठलीही सैल अँटेना फिरते. मी दांडा उघडायला मागितला तर म्हणाले, सील तुटलं की वॉरंटी जाते. एक वर्ष थांबलो. वॉरंटी संपल्यावर उघडला. आत एक सेल, एक लाल दिवा आणि कुठेही न जोडलेली वायर. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं, की तुम्ही उघडल्यामुळे त्यातली शक्ती गेली.

हसू नका, यात सरकारंही फसली आहेत. ब्रिटनमधल्या जेम्स मॅकॉर्मिकने गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावर बेतलेली अशीच अँटेना 'एडीई 651' या नावाने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकली. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. चौक्यांवर तिच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आपल्याकडच्या प्रकरणात त्यामानाने नुसते पैसे गेले. पण अँटेनेनंतर पुढची पायरी मांत्रिक असते. गुप्तधनापायी काय काय होतं हे वर्तमानपत्रात वाचतोच आपण. आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली ती उगाच नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर उरकतो. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं काहीही 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! अमृततुल्यमध्ये एवढ्यात आता जेमतेम चहा येतो. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि किल्ले, लेणी, शनिवारवाडा, कुठलंही संरक्षित स्थळ, तिथे यंत्र पिशवीतूनही काढायचं नाही. स्वतःच्या शेतात किंवा मालकाच्या लेखी परवानगीने, एवढंच. मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. त्यांच्यासाठी एक आठवण. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त. त्यांतल्या 9 हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला. कुणी कुणाला हरवलं याचा पुरावा त्या ढिगातच होता. हीच नाणी सुटी सुटी जुन्या बाजारात आली असती तर तुमच्या-माझ्या अल्बममध्ये एकेक छान दिसलं असतं, आणि इतिहास गेला असता.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अक्षर अध्यक्षांचंच आहे. तर वह्या काढा, भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, ग्राउंड बॅलन्स हाताने जुळवता आला पाहिजे. म्हणजे कॉइल, दांड्याच्या टोकाची तारेची चकती, जमिनीशी वरखाली करत जमिनीचा आवाज मारायचा. गॅरेट एस 250 सारख्या सोप्या यंत्रात तो कारखान्यातच ठरवलेला असतो. नदीकाठच्या मऊ गाळात ते चालेल, आपल्या मुरमावर कटकट करेल. नोक्टा सिम्प्लेक्समध्ये तो असा वरखाली करून जुळवता येतो, एकच वारंवारता आहे. सुरुवातीला मी तेच सांगेन. पैसे असतील तर एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं घ्या, 2018 मध्ये आलेलं माइनलॅब इक्विनॉक्स त्यातलं. क्षारपड आणि लोहाची माती एकत्र असेल तिथे याचा फरक कळतो. झालं नाव लिहून?

दुसरं, कॉइल. यंत्राइतकीच महत्त्वाची. डबल-डी घ्या, म्हणजे आत दोन इंग्रजी डीच्या आकाराची वेटोळी असलेली, ती जमिनीचा अरुंद पट्टा बघते. आणि लहान घ्या, सहा इंचांच्या आसपास. मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण आपल्याकडे ती नाण्याआधी जमीनच जास्त गोळा करते. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवायची. पूर्ण वाढवून फिरणाऱ्याला काही ऐकूच येत नाही. मवाळ मातीत 20-25 सेंटिमीटरवरचं नाणं मिळतं, इथे त्याच्या निम्म्यावर समाधान माना.

तिसरं, डिस्क्रिमिनेशन, लोखंड गाळायची सोय. बैलाचे नाल, ट्रॅक्टरचे नट यांना कंटाळून लोक ती पूर्ण लावतात. लोहाच्या मातीत खोलवरचं नाणं पडद्यावर लोखंडाच्या आकड्याकडे सरकतं. 10-12 ग्रॅमची तांब्याची शिवराई तरी ओरडून सांगते, पण क्षत्रपांचं चांदीचं चिमुकलं नाणं किंवा सातवाहनांचं शिसं तुम्ही स्वतः बटण दाबून गाळून टाकाल. कमीत कमी ठेवा आणि खिळे खणायची तयारी ठेवा.

पल्स इंडक्शनबद्दल, म्हणजे लहर सतत न सोडता ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्राबद्दल, कुणीतरी विचारणारच. मॅग्नेटाइटला ते फारसं जुमानत नाही, खोलही जातं. पण लोखंड आणि तांबं यांतला फरक नीट सांगत नाही, आणि जुन्या गावठाणात खिळे किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. गुडघे शाबूत असतील त्यांनी घ्यावं.

आणि घ्यायच्या आधी एक करा. दुकानदार टेबलावर नाणं ठेवून हवेत कॉइल फिरवून दाखवतो, त्यात कुठलंही यंत्र पास होतं. आपल्या शेतातला मुरूम एका पिशवीत भरून न्या, खाली एखादी झिजलेली दुदांडी शिवराई ठेवा आणि म्हणा, आता दाखवा. पिशवी जाड घ्या, नाहीतर काउंटरवर माती सांडली की पुण्यातला दुकानदार पुढे काय बोलेल ते मी इथे सांगू शकत नाही. अध्यक्ष उठलेत. पिनपॉइंटरचं, म्हणजे खड्ड्यात नाण्याची नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्राचं, चहाच्या वेळी विचारा.