मधला नट

मालवणातलं एक खळं, सकाळचे सात, गडग्याला लागून उभी हॅचबॅक. भाच्याने लोअरिंग स्प्रिंगा मागवल्यात, गाडी 30 मिमी खाली बसणार. जमिनीपासून कंपनीचा क्लिअरन्स 170, उरणार 140, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबातला स्पीडब्रेकरच 100 मिमी उंच असतो, आमच्या वाडीतले ब्रेकर तर कुठलाच हिशोब न करता घातलेत. असो, हौसेला मोल नाही.

काम खरंतर काल संध्याकाळीच सुरू झालं. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट असे धरतात की जोर लावला तर डोकंच तुटून हातात येतं, म्हणून तारेच्या ब्रशने गंज घासून तेल मारून ठेवलं, झोपायच्या आधी परत एकदा मारलं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक, मग जॅक. खळं सारवलेलं, दिसायला सपाट पण खाली मातीच, जॅक रुततो, त्यामुळे खाली जाड फळी. आणि आपल्याकडे गाडीखाली चिरे रचायची सवय आहे ना, ती नको, चिरा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्याच (जॅक स्टँड) लावा, त्यासुद्धा फळीवर, आणि आत हात घालायच्या आधी गाडी हलवून बघा.

ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली, खालच्या दोन बोल्टांच्या जागा मार्करने आखून घेतल्या, ते बोल्ट आणि वरचे कडेचे नट काढून स्प्रिंगसकट शॉकअप बाहेर.

आता इथे जरा जवळून बघा. वर मधोमध हा एक नट दिसतोय. स्प्रिंग आधी आवळून धरलेली नसताना हा सोडला तर गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन पेलणारी स्प्रिंग माउंटिंगसकट उडते, तोंडासमोर असाल तर तोंडावर. म्हणून आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर, दोन, बरोबर समोरासमोर, आणि इकडे दोन आटे तिकडे दोन आटे असं हातानेच आवळत जायचं, नट फिरवायची गन लावायची नाही. भाचा घाईत एकाच बाजूने चार-पाच आटे फिरवून मोकळा झाला, स्प्रिंग केळ्यासारखी वाकली, मी पाना काढून घेतला हातातून. परत सैल करून पहिल्यापासून. स्प्रिंग वरच्या वाटीत सैल फिरायला लागली की मगच मधला नट, तोही तोंड बाजूला ठेवून.

नवीन स्प्रिंग आखूड, दाबायला फार लागत नाही. फक्त तिचं शेवटचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय का ते बोट लावून बघायचं. मधला नट पूर्ण आवळला की मगच कॉम्प्रेसर सोडायचे, हळूहळू, तसेच आलटूनपालटून.

मागची बाजू तशी सोपी, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून अॅक्सल जॅकवर हळूच खाली आणला की स्प्रिंग हातात येते, कॉम्प्रेसर लागत नाही, फक्त ब्रेकच्या पाइपला ताण बसता कामा नये. बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच फायनल आवळायचे, लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

दुपारी सावकाश चालवत अलाइनमेंटला. संध्याकाळी काकी माळ्यावर चढली, जुन्या स्प्रिंगांना खोबरेल चोपडून गोणत्यात बांधून ठेवल्या तिने. "चतुर्थीक ह्योच लागतल्यो," म्हणाली. भाचा काही बोलला नाही, मुंबईहून पाच माणसं आणि सामान घेऊन त्यालाच यायचंय.