जंगलाचा तास मार्चमध्ये

[दृश्य : मुरबाड तालुक्यातला पाडा. पानगळ झालेलं रान.]

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरच्या मुलांना झाडांची नावं सांगावी लागत नाहीत. ऐन, धावडा, कुडा ती सालीवरून ओळखतात. शिकवायचं ते बीपासून झाड कसं जगवायचं. म्हणून शाळेतला हा जंगलाचा तास जुलैत, वनमहोत्सवाच्या दिवशी हातात रोप देऊन सुरू करू नये. मार्चमध्ये, बहाव्याच्या वाळल्या शेंगा गोळा करत सुरू करावा.

[दृश्य : मुलं दगडावर बिया घासताना.]

बहाव्याच्या बीचं कवच टणक. डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो ती बाजू सोडून कडा घासायची, रात्रभर भिजवायची. करंजाला नुसतं भिजवणं पुरतं. मोह-जांभळाच्या बिया मात्र साठवू नका, सुकल्या की मरतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ताज्याच पेरा.

रोपाची पिशवी ५ बाय ८ इंचाची, खाली भोकं पाडलेली. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कच्चं शेण तापतं आणि कोंब जाळतं. मेच्या सुटीत पाणी कोण घालणार हे ठरत नसेल, तर सगळीच पेरणी जूनवर ढकलावी. महिन्यातून एकदा पिशव्या जागच्या हलवायच्या, नाहीतर सोटमूळ जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं.

[दृश्य : माळरानावर खड्डे.]

रोपं लावायची पुढच्या पावसाळ्यात. खड्डे मेमध्येच, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या. भरताना वरची माती आधी. दोन-तीन चांगले पाऊस झाले, ओल खोल गेली, की लावणी. पिशवी फाडून काढायची. तळाशी गुंडाळलेलं मूळ कापायचं.

ऑक्टोबरपासून रोपाभोवती हातभर गवत काढत राहा. डिसेंबरपर्यंत लावणीच्या कडेने दहा फूट पट्टा कापून झाडून घ्या. इथली रोपं वणव्यात फार जातात, आणि वणवा वाळल्या गवतावरूनच येतो. पट्टा जाळून साफ करायचं काम मुलांना देऊ नये.

[दृश्य : उपटलेलं रोप, मुलांच्या हातात.]

मेलेलं रोप फेकू नका, मुलांना उपटून बघू द्या. मुळं गोल गुंडाळलेली असतील तर पिशवीत फार दिवस राहिलं. काळी, मऊ असतील तर खड्ड्यात पाणी साचलं. मातीचे पापुद्रे आणि कुरतडलेली साल म्हणजे वाळवी. शेंडाच नसेल तर शेळी, तिथे काट्यांचं कुंपण हवं. प्रत्येक कारण वहीत, खड्ड्याच्या क्रमांकासमोर लिहायचं. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप लावताना ही वही उघडायची.