'समर्पक साथ केली'

मंडळी, विषय ठरलाय 'अमेरिकेचा कलाकार-व्हिसा आणि असाधारण गुणवत्तेचा पुरावा'. त्यावर येतेच. पण आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण ते लिहिणारे आणि छापणारे आज समोरच बसलेत.

"त्यांना तबल्यावर अमुक व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली."

न्यू जर्सीत मी व्हिसाच्या अर्जांसाठी मराठी कात्रणांची इंग्रजी भाषांतरं करून देते. एका पेटीवादकाची, म्हणजे संवादिनी वाजवणाऱ्याची, फाइल आली. त्याच्या आईने वहीत खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेली वीस वर्षांची कात्रणं. गायिकेच्या यमनवर तीन परिच्छेद आणि तळाशी हे वाक्य. पान उलटावं, पुन्हा तेच. दोनदा तर नावही चुकलेलं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, असं मी सही करून देते, त्यामुळे पदरचा एक शब्द घालता येत नाही. समर्पक म्हणजे योग्य, साजेशी. इंग्रजीत ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय कळणार? ठीक वाजवलं, एवढंच. आणखी पुरावा मागणारं पत्र आलं: ही कात्रणं गायिकेबद्दल आहेत, वादकाबद्दल नाहीत.

त्यातल्या एका मैफलीला मी होते हो! द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, सुरू झाली आणि बाईंचा आवाज बसला. याने बंदिशीचा मुखडा पेटीवर फिरवत ठेवला, तबलजींना डोळ्यांनी खूण केली. बाई दोन घोट पाणी प्यायल्या, घसा खाकरला आणि तिसऱ्या आवर्तनात समेवर आल्या. श्रोत्यांना वाटलं, असंच ठरलं असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात: समर्पक साथ.

पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं दाराबाहेर ठेवलं. त्याच पेटीसाठी २०१६ साली तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली. मग आपण तिला एका ओळीत का उरकतो?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. भराभर सांगते.

कलाकारांसाठीचा व्हिसा ओ-१बी. ग्रॅमीच्या तोडीचा पुरस्कार नसेल तर सहापैकी तीन निकष दाखवायचे: नावाजलेल्या कार्यक्रमांत प्रमुख भूमिका, समीक्षा, नामांकित संस्थेतलं स्थान, गाजलेलं यश, जाणकारांची दखल, इतरांहून जास्त मानधन. संस्थेच्या निकषात 'प्रमुख'च्या जोडीला 'निर्णायक' भूमिकाही चालते. साथीदाराची जागा तिथे आहे. तेव्हा आयोजकांनो, सलग बोलावत असाल तर का बोलावता ते लेटरहेडवर लिहून द्या. मानधन पाकिटात नको, बँकेतून द्या.

गायकाबरोबर ओ-२ वर, म्हणजे साथीदारांसाठीच्या व्हिसावर, गेलेल्या वादकाला तिथे स्वतःची वेगळी मैफल करता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, ईबी-१ए हा मार्ग आणखी कडक. दहापैकी तीन निकष भरले तरी, २०१० च्या कझारियन खटल्याच्या निकालानंतर, सगळा पुरावा पुन्हा एकत्र तोलतात.

शिफारसपत्रात 'गुणी, विनम्र, गुरूंचा लाडका' लिहू नका. कुठली मैफल, कुठला राग, त्याने नेमकं काय केलं, ते लिहा.

त्या बाईंनी तसं पत्र दिलं. दोन पानं, हाताने लिहिलेलं. 'त्या रात्री माझा आवाज गेला होता,' हे पहिलंच वाक्य. एवढ्या मोठ्या गायिकेने साथीदारासाठी हे कागदावर उतरवलं. अर्ज मंजूर झाला.