चमचाभर दूध

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू, गणपती विसर्जन होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, आणि पहाटे पहाटे दिल्लीतून बातमी सुटली, गणपती दूध पितोय. तेव्हा कुठला मोबाईल आणि कुठलं व्हॉट्सअॅप, तरी एसटीडी बूथवरून आणि लँडलाईनवरून ती दुपारपर्यंत देशभर पोचली, त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमधल्या देवळात पण हीच गर्दी.

आमच्या आजीने पण देवघरातला पितळी गणपती ताम्हनात घेतला, चमचा काठोकाठ भरला आणि सोंडेला टेकवला. दूध हळूहळू कमी होत गेलं. मी बघितलंय.

आता नीट बघा काय होतं ते. काठोकाठ भरलेल्या चमच्यात दूध काठाच्या जरा वर फुगलेलं असतं. हे पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो म्हणून. तो फुगवटा सोंडेला लागला की मूर्ती दूध ओढून घेते आणि मग ते पातळ पापुद्र्यासारखं अंगावरून खाली उतरतं, इतकं पातळ की पांढऱ्या संगमरवरावर तर दिसतच नाही. एकदा मूर्ती ओली झाली की पुढचा चमचा अजून पटकन रिकामा होतो, म्हणजे रांगेत मागे असलेल्यांना देव जास्तच प्रसन्न! केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग टाकून दाखवला, तो ओघळ सरळ दिसला.

म्हणजे चमचा रिकामा झाला हे लोकांनी बघितलेलं खरंच होतं, चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. मी स्वतः देव मानत नाही, पण त्या दिवशी आमच्यातले काही जण पृष्ठताण सांगून झाल्यावर लगेच "बघा, देव नाहीच" म्हणाले, ती उडी पण तेवढीच लांब होती की. दूध कुठे गेलं एवढंच कळलं होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर कायम सांगायचे की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. जादूटोणा विरोधी कायदा त्याच डिसेंबरमध्ये झाला, आणि त्यात देव आहे की नाही यावर एक कलम नाही.

आजीला नंतर मी हे सगळं समजावलं, पृष्ठताण वगैरे. तिने ऐकून घेतलं. ताम्हनात साठलेलं दूध त्या दिवशी तिनेच तुळशीला ओतलं होतं.