शिवसागरात उतरताय? मग सकाळीच!

नमस्कार, श्रोतेहो! सुट्ट्या लागल्या, बामणोली-तापोळ्याकडे गाड्या निघाल्या. म्हणून आज कोयनेच्या शिवसागर जलाशयाबद्दल. तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. दुसऱ्याच्या गावाचं नाव लावल्याशिवाय आपल्याला आपलं गाव देखणं वाटतच नाही! असो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी पाणी शांत असतं. कयाक असो, लाँच असो, सकाळीच उरका. दुपारी कोकणातून घाट चढून पश्चिमेचा वारा येतो. वळीव मात्र बहुधा पूर्वेकडून. आणि लक्षात ठेवा, पावसाआधी वारा पोचतो.

एकदा मे महिन्यात वासोटा किल्ल्याहून परतत होतो. लाँचमध्ये एक काका लाइफ जाकिटावर बसलेले. हो, जाकिटावर! फळी टोचते म्हणून. नावाडी म्हणाला, “काका, जाकीट अंगात घाला.” काका फुरफुरले, “अरे, धरणाआधी माझा मामा ह्याच खोऱ्यात राहायचा. मला पाणी शिकवतोस?” नावाडी शांतपणे म्हणाला, “मामा होते तेव्हा इथं पाणी नव्हतं, काका.”

आम्ही हसतोय तोवर पूर्वेचे डोंगर दिसेनासे झाले. सोसाट्याचा वारा सुटला, दोन टोप्या उडाल्या, लाटा कडेवर आपटू लागल्या. नावाड्याने लाँचची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवली आणि बामणोलीचा नाद सोडून लाँच जवळच्या खाचेत घातली. इकडे काकांनी हाताच्या भोकातून डोकं घातलेलं, बकल पाठीवर! दोघांनी मिळून त्यांना सोडवलं. विजा कडाडत होत्या, म्हणून झाडांपासून लांब, उतारावर उकिडवे बसलो. वर गारांचा मारा. पाऊस थांबल्यावर बामणोलीला चहा प्यायलो, तेव्हाही काकांच्या अंगात जाकीट होतंच. टपरीवाला म्हणाला, “काका, इथं गुडघाभरही पाणी नाही.”

तर जाकीट बसायला नाही, अंगात. पुन्हा सांगते, अंगात. आणि बकल लावून.

राहिलं पाण्याच्या पातळीचं. जलाशय सुमारे १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा, पण मेअखेर पाणी बरंच उतरतं. जुन्या शेतांचे बांध, झाडांची खोडं पाण्याखाली जेमतेम झाकलेली असतात. काठावरून सूर मारू नका. कयाक कुठून न्यायची ते नावाड्याला विचारा. पावसाळ्यात बोटी बंद, वासोट्याची वाटही बंद. तेव्हा जूनची आखणी करू नका.