ऑर्डर मोठी, पैसे कधी?

नमस्कार श्रोतेहो. मोबाइल टॉवरवरचे रेडिओ (सिग्नल पाठवणारी-घेणारी यंत्रं), फायबरच्या जाळ्यातली यंत्रं, राउटर बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर नाशिकमध्येही बरेच जण घेतात. बहुतेकांच्या नजरेत भरतो तो ऑर्डरचा आकडा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी पाहावा.

बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सचं उदाहरण घेऊ. 2000 साली सुरू झालेली ही कंपनी आता टाटा समूहात आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तिला टाटांच्याच टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीकडून 7,492 कोटींची ऑर्डर मिळाली. बीएसएनएलच्या फोरजीसाठी एक लाख टॉवरना रेडिओ पुरवायचे होते. 2024-25 मध्ये विक्री सुमारे 8,900 कोटींवर गेली, नफा साधारण 447 कोटी. आणि पुढच्याच एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत विक्री 202 कोटी, तोटा 194 कोटी! मोठ्या ऑर्डरचा बहुतेक माल देऊन झाला होता आणि तेवढं दुसरं काम हाती नव्हतं. इंजिनिअरांचे पगार आणि व्याज मात्र चालूच. संशोधनावरचा खर्च तोडावा, तर दोन-तीन वर्षांनी विकायला नवं यंत्र नसतं.

म्हणून आधी येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे राहिलेले पैसे, पाहा. विक्री वहीत लवकर चढते, पैसे हप्त्याहप्त्याने येतात: काही माल पोचल्यावर, काही टॉवरवर बसवून चाचणी पास झाल्यावर, उरलेले त्याहून उशिरा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे सांगायला नको. गाडी भरून गेली तरी व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत हातात काही नसतं. हिशोब असा करा: येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले 365. विक्री 1,000 कोटी आणि येणी 500 कोटी असतील, तर पैसे सरासरी 182 दिवस अडकलेत. चिपवाल्यांचे पैसे मात्र त्याआधी चुकवावे लागतात, मग बँकेचं कर्ज वाढतं. नफ्याबरोबर कर्जही वाढताना दिसलं, तर रोख प्रवाहाच्या तक्त्यात कामकाजातून आलेली रोकड पाहा. ती उणे असेल, तर नफा अजून कागदावरच आहे.

मालसाठ्यातही धोका असतो. 700 मेगाहर्ट्झचा रेडिओ 1800 मेगाहर्ट्झवाल्या ग्राहकाला चालत नाही, कारण आतला फिल्टर त्याच बँडसाठी, म्हणजे लहरींच्या त्याच पट्ट्यासाठी बनवलेला असतो. ऑर्डर लांबली की असा माल गोदामात पडून राहतो, त्याची किंमत कमी धरावी लागते आणि ती घट नफ्यातून जाते.

ऑर्डरची बातमी ऐकताना ती पक्की आहे की आगाऊ, तेही विचारा. मे 2025 मध्ये बीएसएनएलच्या आणखी 18,685 टॉवरसाठी आगाऊ ऑर्डर जाहीर झाली, त्यात तेजसचा वाटा सुमारे 1,526 कोटींचा. आगाऊ ऑर्डर म्हणजे पक्क्या ऑर्डरची पूर्वसूचना. तिचा आकडा विक्रीत धरायचा नसतो.

या कंपन्यांचं तंत्रज्ञान खरोखर कौतुकाचं आहे. स्वतःच्या देशात फोरजीची यंत्रं बनवणारे देश फार थोडे. पण पुढची वाटचाल दुसरा आणि तिसरा मोठा ग्राहक मिळण्यावर आहे, मग तो खासगी असो की परदेशी. वार्षिक अहवालात 'सेगमेंट'ची, म्हणजे धंद्याच्या विभागवार माहितीची टीप उघडा. विक्रीच्या 10 टक्के किंवा जास्त माल घेणाऱ्या ग्राहकांचा हिशोब तिथे द्यावाच लागतो. ताळेबंद आणि रोख प्रवाह मार्च आणि सप्टेंबरच्या निकालांसोबत येतात. जून आणि डिसेंबरच्या निकालांत ते सहसा नसतात, म्हणून त्या वेळी, निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्या कॉलचा मजकूर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यात येणी, साठा आणि कर्ज हे तीन आकडे शोधा. नमस्कार.